आगगाडी, किराणा आणि पत

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मदतनिधीच्या कार्यक्रमात भाषण म्हटलं की श्रोते हळूच घड्याळ बघतात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यातून हे जेवणाआधीचं भाषण! म्हणून विषयही पोटाजवळचाच निवडला आहे. विषय आहे किराणा. अधिक नेमकं सांगायचं तर, आगगाडी नुकतीच सुरू झाली त्या काळात घाऊक किराणा दुकानाचा जो माणूस गावोगाव फिरायचा, त्याचं काम.

या माणसाचा पुतळा कुठे नाही. त्याच्या नावाचा रस्ता नाही. मुंबईच्या मांडवीवरच्या किंवा पुण्याच्या पेठेतल्या पेढीवरून तो निघायचा. गावच्या दुकानदाराला मालाचे नमुने दाखवायचा, मागणी लिहून घ्यायचा, आणि पुढच्या फेरीत मागची उधारी वसूल करायचा. अमेरिकेत अशा लोकांना 'ड्रमर' म्हणत. आपल्याकडे कुणी गुमास्ता म्हणे, कुणी दलाल, कुणी नुसतंच 'पेढीचा माणूस'. मस्कतला बसून त्याची आठवण कशाला, असं तुम्हाला वाटेल. मंडळी, त्याच्या पिशवीतल्या नमुन्यांत एक पुडी इथल्या मातीतली होती. त्या पुडीपर्यंत आपण येणारच आहोत. आधी घाट चढू.

रेल्वेपूर्वी देशावर माल यायचा तो बैलाच्या पाठीवरून किंवा गाड्यातून. लमाणांचे तांडे कोकणातल्या मिठागरांतलं मीठ घेऊन घाट चढत आणि धान्य घेऊन उतरत. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, त्यानंतर बैलगाड्या वर जाऊ लागल्या. पण भरलेली गाडी दिवसाला सहा-सात कोस गेली तरी पुष्कळ. पाऊस लागला की वाटा बंद, आणि तिकडे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रही बंद. त्यामुळे गावच्या दुकानदाराला वर्षाचा माल एक-दोन खेपांतच भरावा लागे. तो स्वतः पेठेच्या गावी जाई, ओळखीच्या अडत्याकडे उतरे, माल डोळ्यांनी बघे आणि गाड्या भरून परत येई. घाऊक व्यापाऱ्याने त्याच्या दाराशी माणूस पाठवण्याचं कारणच नव्हतं. पाठवला असता तरी परतायला त्याला महिने लागले असते.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो. पण व्यापाऱ्याला ठाण्याला जाऊन काय करायचं होतं? त्याचं लक्ष होतं घाटाकडे. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली, १८५६ मध्ये खोपोलीला. १८५८ मध्ये वरच्या अंगाला पुणे ते खंडाळा मार्ग सुरू झाला. मधे उरला बोरघाट. पाच वर्षं माल खोपोलीला उतरवायचा, बैलगाड्यांनी वर चढवायचा आणि खंडाळ्याला पुन्हा डब्यात भरायचा, असा प्रकार चालला. उतारूंचीही तीच गत. ते डोलीतून, तट्टावरून नाहीतर पायी जायचे. शेवटी १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला. पटकीने, तापाने आणि अपघातांनी त्या कामावर हजारो मजूर दगावले. आपल्या स्वयंपाकघरातली साखर स्वस्त झाली त्याची किंमत त्यांनीही मोजली आहे, एवढं इथे नमूद करून पुढे जाऊ.

घाट फुटला आणि किराण्याचं गणित बदललं. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रूळ गेले होते. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता असा सलग प्रवास होऊ लागला. आता दुकानदाराने वर्षाचा माल एकदम भरायची गरज उरली नाही. चार पोती संपली की चार मागवावीत. पण वरचेवर आणि थोडी थोडी मागणी येणार असेल तर ती गोळा करायला कुणीतरी फिरलं पाहिजे. आपला पेढीचा माणूस कामाला लागला तो इथे.

त्याचं सामान म्हणजे एक वळकटी, एक डबा, एक वही आणि नमुन्यांच्या पुड्या. प्रवास अर्थात तिसऱ्या वर्गाने. त्या डब्यांत सुरुवातीची कित्येक दशकं शौचालयसुद्धा नव्हतं. वेळेचा घोटाळा वेगळाच. देशातल्या बऱ्याच रेल्वे पुढे मद्रासच्या वेळेने चालू लागल्या, आणि मद्रासचं घड्याळ मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे. मुंबईच्या घड्याळावर विसंबून स्टेशनात शिरणाऱ्याला गाडीचा धूर तेवढा दिसायचा!

स्टेशन आलं म्हणजे गाव आलं असंही नाही. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला जुनं नाव 'बार्शी रोड'. नाव बार्शीचं, पण बार्शीची पेठ तिथून वीसेक मैल आत. १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तोवर ते अंतर बैलगाडीनेच तोडावं लागे. अशी 'रोड' नावाची स्टेशनं आपल्याकडे पुष्कळ. तिथून पुढे पेढीच्या माणसाची खरी पायपीट सुरू व्हायची.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न भावाचा नसे, मापाचा असे. मण म्हणजे किती? मुंबईचा मण २८ पौंडांचा. रेल्वेचा पक्का मण ८२ पौंडांच्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. गावोगावची पायली, अधोली वेगळी. (इथे ओमानातही 'मन' नावाचं माप होतं, आणि ते जेमतेम चार किलोचं.) भाव एका मणाने सांगायचा, भाडं दुसऱ्या मणाने द्यायचं, आणि दुकानदार विकणार तिसऱ्याच मापाने. हे सगळं तोंडी करता आलं नाही तर त्या माणसाचा धंद्यात निभाव लागणं कठीण. शिवाय बारदानाचं वजन किती धरायचं, वाटेत पोतं भिजलं-फाटलं तर घट कुणाच्या माथी, हमाली-तोलाई कुणी द्यायची, हे सगळं आधी बोलून घ्यायचं. मागणी वहीत मोडीत लिहून घ्यायची. माल वाघिणीत चढला की रेल्वेची पावती, म्हणजे बिल्टी, दुकानदाराला पाठवायची. बिल्टी ज्याच्या हातात, मालधक्क्यावर माल त्याचा. कागदाचा एक चिठोरा, पण त्यावर शेकड्यांचा व्यवहार.

आता त्या पुड्या सोडून बघू. साखरेला आपल्या आज्या 'मोरस' म्हणायच्या. तो शब्द आला मॉरिशसवरून, कारण साखर तिकडून यायची. मिरी मलबारची. हिंग इराण-अफगाणिस्तानकडचा. लवंग झांझिबारची, आणि झांझिबार तेव्हा कुणाचं? तर ओमानच्या राजघराण्याचं. सुलतान सय्यद सईद बिन सुलतान यांनी आपली राजधानी तिथे नेली आणि लवंगांच्या बागा वाढवल्या. १८५६ मध्ये ते वारले. १८६१ मध्ये मस्कत आणि झांझिबार अशी दोन राज्यं वेगळी झाली. पण लवंग आधीसारखीच मुंबईला येत राहिली.

आणि शेवटची पुडी खारकेची. ही ती आपली पुडी. ओमानच्या शर्किया भागात 'मब्सली' जातीचा खजूर पिवळा असतानाच उतरवतात, तांब्याच्या मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. इथे त्याला 'बुसूर' म्हणतात. तो पूर्वापार मुख्यतः हिंदुस्थानात जात आला आहे. तिकडे गेला की त्याची खारीक होते. ओटीत नारळ, हळकुंड, सुपारी, बदाम यांच्याबरोबर जी खारीक पडते, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात जिची पूड घालतात, ती सगळी मस्कतचीच असं नाही, सिंध-बसऱ्याकडचीही असे. पण मस्कतचा वाटा त्यात मोठा. म्हणजे आपल्यापैकी कुणी या देशाचा व्हिसा घेण्याच्या कितीतरी आधी ओमान आपल्या घरातल्या लग्नामुंजींना हजर होतं!

तारखा जुळवून बघा. ब्रिटिश इंडिया कंपनीची आखाती टपाल-बोट १८६२ मध्ये सुरू झाली, आणि मस्कत तिच्या वाटेवरचं बंदर होतं. (ही सेवा १९८२ मध्ये 'द्वारका' बोटीबरोबर संपली.) बोट १८६२ ची आणि बोरघाट १८६३ चा. वर्षभराच्या अंतराने हे दोन दुवे जोडले गेले आणि मत्राच्या धक्क्यावरचं पोतं सबंध वाफेच्या बळावर पुण्याच्या पेठेत पोचू शकलं. गलबतं लगेच बंद पडली नाहीत. ती चालू होतीच. पण माल कधी पोचेल हे आता सांगता येऊ लागलं, आणि व्यापारात ते फार मोलाचं असतं.

इकडच्या टोकालाही पेढ्याच होत्या. रतनसी पुरुषोत्तम, खिमजी रामदास ही कच्छी भाटियांची नावं मस्कतच्या व्यापाराच्या इतिहासात ठळक आहेत. त्यातली खिमजी रामदास ही पेढी १८७० पासूनची. ते इथून खजूर पाठवत आणि तिकडून तांदूळ, कापड, मसाले आणत. मत्राहून तो माल उंटांवरून आतल्या गावांत जाई. १९७० पर्यंत या देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता, हे ध्यानात घ्या. चलन रुपया होता. मारिया थेरेसाचं चांदीचं नाणंही चाले. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या, आणि १९७० मध्ये ओमानचं स्वतःचं चलन आलं. आपण रोज दुकानात 'बैसा' म्हणतो तो आपला पैसाच.

इथवर सगळं गोड झालं. आता थोडं कडू.

या सगळ्या साखळीत रोख पैसा फार कमी होता. मुंबईचा आयात करणारा घाऊक पेढीला उधार देई, पेढी तालुक्याच्या व्यापाऱ्याला, तो गावच्या दुकानदाराला आणि दुकानदार शेतकऱ्याला. फेड कधी? सुगीला. प्रत्येक कडीवर थोडं व्याज चढे. आपली म्हण आहे, 'उधारीचे पोते सव्वा हात रिते'. उधार घेणाऱ्याचं पोतं थोडं कमीच भरतं. तरीही उधारीवाचून गाव चालत नव्हतं, कारण पीक वर्षातून एकदाच येतं आणि भूक रोज लागते.

ही साखळी तुटते तेव्हा काय होतं, ते महाराष्ट्राने याच काळात पाहिलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पत सैल झाली. ज्याला त्याला उधार मिळू लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. वरच्याने खालच्याकडे तगादा लावला, खालच्याने त्याच्या खालच्याकडे. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. तगादा शेवटी ज्याच्या दारात पोचला त्याला पुढे ढकलायला दार उरलं नव्हतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. दंगा पुणे-नगरच्या गावांतून पसरला. या दंग्याचं वैशिष्ट्य असं की, माणसांना मारण्यापेक्षा लोकांचा रोख कर्जाचे कागद हिसकावून जाळण्यावर होता. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.

दंग्यामागोमाग १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आला. आगगाडीने त्यात धान्य आणलं हे खरं, आणि जिथे भाव जास्त तिथे नेलं हेही खरं. रुळांना दया नसते. ती माणसाने आणावी लागते. जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी १८७७ मध्ये धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून दुष्काळी मुलांना जेवू घातलं. ते चाललं वर्गणीवर. आज आपण करतो आहोत त्याच प्रकारच्या वर्गणीवर.

या सगळ्यात आपला पेढीचा माणूस कुठे होता? नेमका मधे. मालकाची वही एका हातात, दुकानदाराचा चेहरा समोर. देणं खरंच बुडवायचं आहे की पाऊस नाही म्हणून थांबलं आहे, हे त्याला ओळखायचं होतं. पेढीला 'मुदत द्या' म्हणून कळवायचं की 'दावा लावा' म्हणून, याचा निर्णय त्याच्या दोन ओळींवर ठरायचा. १८७९ मध्ये एका पैशाचं पोस्टकार्ड आलं, १८८० मध्ये मनीऑर्डर आली. भाव कळवायला आणि पैसे पाठवायला दरवेळी माणूस लागेना. पण समोरचा माणूस अडचणीत आहे की लबाड आहे, हे सांगणारं पोस्टकार्ड काही निघालं नाही. त्यासाठी जाऊनच यावं लागे. दरसालच्या फेऱ्यांतून बांधलेल्या या ओळखीला आपले लोक पत म्हणत. बँकेने ठरवलेला आकडा नव्हे. माणसाने माणसाबद्दल दिलेला शब्द.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला. जुन्या पेढ्यांच्या हिशेबपट्टीत अडत, दलाली, हमाली, तोलाई यांच्याखाली एक लहानशी ओळ असे, 'धर्मादाय'. पोत्यामागे अगदी किरकोळ रक्कम. ती वेगळ्या खात्यात साठायची. त्यातून धर्मशाळा, अन्नछत्रं, पाणपोया, शाळा चालत. मुंबईचं पांजरपोळ १८३४ मध्ये निघालं, त्यालाही व्यापाऱ्यांनी मालावर लाग बसवून उत्पन्न बांधून दिलं होतं. ही ओळ नेहमी सचोटीने वापरली गेली असं आम्ही म्हणणार नाही. तो पैसा शेवटी शेतकऱ्याच्या नाहीतर गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाई, आणि खर्च मात्र शेटजींच्या मर्जीने होई. पण त्या रीतीत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, दान मन भरून आलं म्हणून नव्हतं, पोतं हललं म्हणून होतं. तेजी असो वा मंदी, ओळ पडायचीच. दुसरी, ते वहीत लिहिलेलं होतं.

या देशात तर याच प्रश्नाला हात घालणारा एक सुंदर उपक्रम आपल्या डोळ्यांसमोर आहे. ओमानच्या वकील संघटनेने २०१२ मध्ये 'फक कुर्बा' सुरू केला. देणं फेडता न आल्यामुळे तुरुंगात पडलेल्यांचं कर्ज लोकांच्या देणग्यांतून भरायचं आणि त्यांना घरी पाठवायचं. हजारो माणसं त्यातून सुटली. यात फसवणूक करणारा आणि अडचणीत सापडलेला असा भेद पाहावा लागतो. म्हणजे पेढीच्या त्या माणसाचंच काम, फक्त नव्या रूपात.

ओमानमध्ये रेल्वेचं पहिलं युग आत्ता कुठे येऊ घातलं आहे. सोहार ते अबुधाबी या मार्गाचं काम हाती घेतलेलं आहे. मालाच्या वाघिणी इथेही धावतील, भाव बदलतील, काही धंदे वर येतील, काही बसतील. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या घाटावर झालं तसंच काहीसं होईल. तेव्हाही गल्लीतल्या दुकानात मजुराच्या नावाचं पान असेल, आणि महिनाअखेरीला ते पान फाडायचं की थांबायचं, हे कुणीतरी ठरवत असेल.

म्हणून मंडळी, आमची विनंती साधी आहे. आज भरभरून द्याच. पण आज दिलं आणि पुढच्या कार्यक्रमापर्यंत विसरलं, असं नको. दरमहा घरच्या किराण्याच्या बिलामागे एक लहान ओळ 'धर्मादाय' म्हणून टाका. एक रियाल असो, पाचशे बैसा असोत. या निधीतून शिक्षणाला आणि औषधोपचाराला मदत होते. ज्याला ती मिळते त्याच्याकडे आपल्यातलं कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन यावं. आणि मंडळानेही हा हिशेब सभासदांपुढे उघडा ठेवावा, पैशाचा पैसा. पत मागणाऱ्याने वही लपवू नये, हा पेठेचा जुना नियम आहे.

जेवण तयार आहे. पानात खजूर असेलच, तो घेताना त्या पेढीच्या माणसाची आठवण ठेवा.